स्नॉर्कल बसवताय? आधी फिल्टरचा डबा उघडा

मुरबाडच्या पुढे एका ओढ्यात माझ्या मित्राची जीप बंद पडली तेव्हा पाणी हेडलाइटच्या जेमतेम वर होतं. गाडीला स्नॉर्कल होता, म्हणजे इंजिनाला लागणारी हवा उंचावरून आत घेणारी नळी. त्याचं तोंड टपाच्या उंचीला, पाण्यापासून चांगलं वर, कोरडं ठाक. तरीही इंजिनातून एकदाच ‘ठक्क’ असा आवाज आला आणि ते जागच्या जागी थांबलं. दोर लावून गाडी बाहेर काढली आणि एअर फिल्टरचा डबा उघडला, तर आत पाणी आणि भिजून लगदा झालेला फिल्टर. आत शिरलेलं पावसाचं पाणी निथळून जावं म्हणून डब्याच्या तळाला कंपनीनेच एक बोटाएवढं भोक ठेवलेलं असतं. ज्या गॅरेजने स्नॉर्कल लावला त्यांनी बाहेरची नळी देखणी बसवली होती, पण हे भोक तसंच सोडलं होतं. पुढे इंजिन खोललं तेव्हा एक कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकलेला निघाला.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालंय. टपापाशी दिसते ती नळी हा स्नॉर्कलचा सोपा भाग आहे. तिच्या तोंडापासून थेट फिल्टरपर्यंतची हवेची सगळी वाट बंदिस्त करणं हे खरं काम, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त बॉनेटखाली, कुणाला न दिसणारं असतं. माझ्या डिझेल गाडीला मी ऐरोलीत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दाजींच्या मदतीने दोन रविवार लावून स्नॉर्कल बसवला. दाजी रबाळ्याला टूलरूममध्ये फिटर होते, त्यामुळे हाताला शिस्त त्यांनी लावली. तेच काम इथे क्रमाने सांगतो.

थोडंसं पाणी इंजिन का मोडतं?

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. २.२ लिटरच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला साधारण ५५० मिलिलीटर येतात. पिस्टन पूर्ण वर येतो तेव्हा वरती जेमतेम ३५ मिलिलीटर जागा उरते. म्हणजे अर्धा कटिंग चहासुद्धा नाही. त्याहून जास्त पाणी आत गेलं की वर येणाऱ्या पिस्टनला जागाच उरत नाही आणि सगळा जोर रॉडवर येतो. त्यात हेच इंजिन २००० आरपीएमला मिनिटाला सुमारे २२०० लिटर हवा ओढतं, टर्बो (इंजिनात हवा जोराने ढकलणारा पंखा) असेल तर त्याहूनही जास्त. एवढ्या ओढीपुढे एखादी चिरसुद्धा पाणी आत खेचते.

दुसरा फायदा धुळीचा. पावसाळा चार महिने, धूळ आठ महिने. पुढच्या गाडीच्या मागे कच्च्या रस्त्याने जाताना चाकांच्या उंचीला जो लोट असतो तो टपाच्या उंचीला बराच विरळ होतो. पाण्यात कधी न उतरणाऱ्यालाही हा फायदा मिळतो.

कायद्याचं काय?

हा भाग टाळून पुढे जाऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीच्या वेळी असलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचना बदलण्याविरुद्ध स्पष्ट निकाल दिला. कलम १८२-अ खाली बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. फोर्स गुरखासारख्या गाडीला स्नॉर्कल कंपनीतूनच बसून येतो, तिचा प्रश्न वेगळा. बाकीच्यांनी ड्रिल हातात घेण्याआधी आपल्या आरटीओत लेखी विचारावं. ठाण्याची एमएच-०४ असो, वाशीची एमएच-४३ की पनवेलची एमएच-४६, विचारायला एक फेरी लागते. विमा कंपनीलाही लेखी कळवा, कारण न सांगितलेला बदल ऐन दाव्याच्या वेळी आडवा येतो. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरचं म्हणणंही आधी ऐका.

सामान

किट गाडीच्या मॉडेलसाठीच बनवलेलं घ्या. ‘सगळ्या गाड्यांना बसतं’ असं सांगून विकलेली नळी कुठल्याच फेंडरवर, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर, नीट टेकत नाही. पॉलिइथिलिनची बॉडी उन्हात टिकते आणि झाडाची फांदी लागली तर लवचीकपणे सरकते. फायबरची दिसायला छान, पण फटक्याने तडकते. किटमध्ये कागदी साचा, पिलरला (समोरच्या काचेच्या कडेचा खांब) लावायचा ब्रॅकेट, स्टड आणि आतली होज आहे का, ते दुकानातच तपासा.

किटमधल्या होज क्लिप बहुधा साध्या लोखंडाच्या असतात. खाडीच्या हवेत त्या वर्षभरात गंजतात. मी त्या काढून स्टेनलेस स्टीलच्या घेतल्या. वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे या पट्ट्यात होज आणि फिटिंगच्या दुकानांत त्या सहज मिळतात, आणि गाडीच्या ॲक्सेसरीच्या दुकानापेक्षा तिथला माणूस मापाबद्दल जास्त नेमकं सांगतो. याशिवाय ड्रिल, ३ मिलिमीटरचं बिट, साच्यावर दिलेल्या मापाचा होल सॉ (गोल भोक कापणारी करवत), अर्धगोल कानस, झिंक प्रायमर, मास्किंग टेप, रबरी बीडिंग आणि सीलंट लागेल. सीलंट व्हिनेगरसारखा आंबट वास न येणारा, न्यूट्रल प्रकारचा घ्या. आंबट वासाचा सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंज चढवतो.

काम मे महिन्यात काढा. मृग लागायच्या आत प्रायमर पूर्ण सुकलेला हवा आणि पहिल्या पावसात गळती तपासून झालेली हवी.

पहिला रविवार: डबा

दाजींनी आल्या आल्या विचारलं, “साचा कुठंय ते राहू दे. डबा उघडलास का?” क्रम हाच ठेवा.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. फिल्टरचा डबा गाडीतून पूर्ण बाहेर काढा आणि इंजिनाकडे जाणाऱ्या होजच्या तोंडात स्वच्छ फडकं घट्ट बसवा. या तोंडातून एखादा नट आत पडला तर तो टर्बोपर्यंत जातो. फडकं मोठं आणि भडक रंगाचं घ्या, म्हणजे शेवटी काढायचं राहणार नाही.

आता डबा स्वच्छ धुऊन सुकवा आणि अंधारात न्या. मोबाइलचा टॉर्च लावून आत ठेवा, झाकणाच्या सगळ्या क्लिपा लावा आणि बाहेरून चारी बाजूंनी निरखा. माझ्या डब्यात तीन जागी उजेड दिसला: तळाचं निथळायचं भोक, बाजूला रेझोनेटर (हवेचा आवाज कमी करणारा डबा) जोडायचं तोंड आणि झाकणाच्या एका कोपऱ्यात केसाएवढी रेघ. ती रेघ पाहून मी दहा मिनिटं तिथेच बसून होतो. क्लिप लागलेली होती, रबरी गॅस्केटही जागेवर होतं, फक्त त्या कोपऱ्यात ते जुनं होऊन चपटं झालं होतं. नवीन गॅस्केट घातलं तेव्हा रेघ गेली.

तळाच्या भोकाचं काय करायचं, यावर मतं वेगळी आहेत. ते कायमचं बुजवलं तर मुसळधार पावसात स्नॉर्कलच्या तोंडातून आत आलेले थेंब डब्यातच साठत राहतात. उघडं ठेवलं तर माझ्या मित्राचं झालं ते होतं. मधला मार्ग म्हणजे बदकाच्या चोचीसारखी रबरी एकमार्गी झडप: पाण्याच्या वजनाने खाली उघडते, इंजिनाच्या ओढीने मिटते. पण चोचीत एखादी काडी अडकली तर ती अर्धवट उघडी राहते. म्हणून मी रोजच्या वापरात झडप ठेवतो आणि ओढा-नाला असेल त्या दिवशी ती काढून घट्ट रबरी बूच बसवतो. परत आल्यावर बूच काढून डबा निथळून घेतो. रेझोनेटरचं तोंड मात्र कायमचं बंद केलं, प्लास्टिकचं बूच घालून त्यावर सीलंट.

दुसरा रविवार: पत्रा कापणं

पुढचं चाक आणि आतलं प्लास्टिकचं लायनर काढा. पत्र्यामागे वायरिंग, वॉशरची टाकी किंवा ब्रेकची पाइप आहे का, ते हात घालून चाचपा. नुसतं डोळ्यांनी बघू नका. जे हलवता येईल ते हलवून दोरीने बाजूला बांधा.

फेंडरवर मास्किंग टेपचे आडवे-उभे पट्टे मारून त्यावर साचा चिकटवा. साचा एकट्यावर विश्वास ठेवण्यासारखा नसतो. स्नॉर्कलची बॉडी प्रत्यक्ष फेंडरला आणि पिलरला टेकवून एकाने धरायची, दुसऱ्याने दरवाजा आणि बॉनेट पूर्ण उघडून कुठे घासतंय का ते बघायचं. आमच्याकडे बॉडी साच्यापेक्षा चार मिलिमीटर मागे बसत होती. दाजी म्हणाले, “मोजलंस का परत?” “तीनदा मोजलं, दाजी.” “मग चौथ्यांदा बॉडीवरून मोज, कागदावरून नको.” त्या चौथ्या मापाने फेंडर वाचला.

मध्यबिंदूवर सेंटर पंचने हलकी खूण करा. आधी ३ मिलिमीटरचं भोक, मग होल सॉ. ड्रिल सगळ्यात हळू गतीवर, दाब हलका, मधूनमधून तेलाचा एक थेंब. घाई केली की पत्रा तापतो, भोकाभोवतीचा रंग जळतो आणि काही महिन्यांनी तिथूनच फुगायला लागतो. सॉ दुसऱ्या बाजूला निघायच्या बेतात असताना तो झटका देऊन अडकतो, तेव्हा ड्रिल दोन्ही हातांनी धरा. डोळ्यांवर चष्मा हवाच.

भोक पडल्यावर कानशीने कड घासा, बोट फिरवलं तर ओरखडा येता कामा नये. कापताना पडलेला लोखंडाचा कीस चुंबकाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून गोळा करा. पिशवी उलटी केली की सगळा कीस आत राहतो. खालच्या सांध्यांमधला कीस हवेच्या फुंकरीने काढा. तो तिथे राहिला तर पहिल्याच पावसात पांढऱ्या गाडीवर तांबूस ओघळ दिसतात.

मग झिंक प्रायमरचे दोन हात. पहिला सुकल्यावर दुसरा, दोन्हींच्या मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण द्या. त्यावर गाडीच्या रंगाचा टच-अप, आणि तो सुकल्यावर कडेला रबरी बीडिंग. ठाणे खाडी एका बाजूला आणि कारखान्यांची हवा दुसऱ्या बाजूला असलेल्या आपल्या भागात उघडा पत्रा आठवडाभर टिकत नाही. स्टडसाठी पाडलेल्या लहान भोकांनाही हेच सगळं करा. लोक मोठं भोक रंगवतात आणि लहान विसरतात, गंज मात्र लहान भोकापासून सुरू होतो.

बॉडी आणि पिलर

स्टड बॉडीतल्या पितळी इन्सर्टमध्ये हातानेच फिरवा. बॉडी फेंडरवर बसवा, आतून मोठे वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे) घाला, आणि सगळे नट थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. इथे नट आवळायची गन वापरायची नाही. जास्त पिळलं की पितळी इन्सर्ट प्लास्टिकमध्ये गरगर फिरतो, आणि एकदा तो सुटला की बॉडी जवळजवळ वाया गेली. आटे पकडून ठेवणारं रसायन प्लास्टिकपाशी लावू नका. काही प्लास्टिकला त्याने बारीक तडे जातात. नायलॉक नट पुरतो.

पिलरला ब्रॅकेट लावताना थांबून विचार करा. जिमनीसारख्या सहा एअरबॅगच्या गाड्यांत पडदा एअरबॅग छताच्या कडेने गेलेली असते, आणि पिलरमधून वायरिंगही जातं. आतलं प्लास्टिक कव्हर उघडून प्रत्यक्ष बघितल्याशिवाय ड्रिल लावू नका, आणि ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळून खोलीची मर्यादा ठरवा, म्हणजे ते पत्र्यापलीकडे घुसणार नाही. एअरबॅग जवळ असेल तर हे एवढं काम जाणकाराकडूनच करून घ्या. प्रत्येक स्क्रूखाली सीलंटचा ठिपका, नाहीतर जुलैत पायाखालचं कार्पेट भिजलेलं सापडेल.

वरच्या तोंडाला मागे किंवा खाली पाणी बाहेर टाकायच्या फटी असतात. बहुतेक तोंडं समोर बघतील अशी बसवायची असतात, कारण आत आलेले थेंब हवेच्या वेगाने मागच्या भिंतीवर आपटून त्या फटींतून बाहेर पडावेत अशी त्यांची रचना असते. फटी नसलेलं स्वस्त तोंड समोर फिरवलं तर घोडबंदर रोडवरच्या एका सरीत डब्यात पाणी जमेल. तोंडाची क्लिप घट्ट असू द्या, पण तिथे सीलंट नको, ते साफ करायला काढावं लागतं.

आतली होज

बॉडीपासून डब्यापर्यंतच्या होजचा आतला व्यास मूळ पाइपपेक्षा कमी नको. वळण मोठं आणि सैल ठेवा. टोकदार वळणावर होज चपटी होते आणि ओढीने आत बसते. आतून तारेचा वेढा असलेली किंवा जाड सिलिकॉनची होज घ्या. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, म्हणून होज ताणून बसवू नका. प्रत्येक सांध्यावर आधी दोन्ही पृष्ठभाग कोरडे पुसा, सीलंटचा पातळ थर द्या, होज पूर्ण सरकवा आणि क्लिप आवळा. गरम एक्झॉस्टपासून लांब, आणि कडेवर घासत असेल तिथे रबराचा तुकडा. सीलंट हवेतल्या ओलाव्याने सुकतो, आणि आपल्याकडे ओलावा भरपूर आहे, तरी २४ तास इंजिन चालू करू नका.

तपासणी

ही पायरी गाळली तर आधीचे दोन्ही रविवार फुकट.

डब्यातून इंजिनाकडे जाणारं तोंड जाड बुचाने बंद करा. घरचा व्हॅक्यूम क्लीनर घ्या, त्याची होज हवा बाहेर टाकणाऱ्या बाजूला लावा आणि ती स्नॉर्कलच्या तोंडात फडक्याने घट्ट बसवून चालू करा. दाब मंद राहतो, काही फाटत नाही. आता भांडी घासायच्या साबणाचं दाट पाणी स्प्रे बाटलीने प्रत्येक सांध्यावर, झाकणाच्या चारी कडांवर, बुचावर मारा. आमच्या गाडीत बाकी सगळं शांत होतं, फक्त फेंडरमागच्या क्लिपपाशी मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक फुगत होते. क्लिप होजच्या कडेवर अर्धी बसली होती. सहा मिलिमीटर मागे सरकवून आवळली आणि बुडबुडे थांबले. ओढ्यात नेमकी हीच जागा पाण्याखाली जाते.

बुडबुडे पूर्ण थांबल्यावर बूच आणि ते भडक फडकं काढा, फिल्टर बसवा, बॅटरी जोडा. इंजिन आयडलला चालू करून स्नॉर्कलच्या तोंडावर जाड रबर चिकटवलेली सपाट फळी काही क्षण टेकवा. वाट खरोखर बंद असेल तर इंजिन गुदमरतं आणि बंद पडायला येतं. ते निवांत चालत राहिलं तर ते दुसरीकडून कुठून तरी श्वास घेतंय; परत साबणाकडे जा. हात किंवा सैल फडकं ठेवू नका, ओढ जबरदस्त असते.

ब्रीदर

स्नॉर्कल इंजिन वाचवतो, डिफरन्शियल (ॲक्सलवरची, चाकांना ताकद वाटून देणारी गिअरपेटी, थोडक्यात डिफ) नाही. तासभर चालून तापलेला डिफ गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायचं छोटं तोंड) किंवा सीलमधून पाणी आत ओढते. दोन-तीन आठवड्यांनी ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं निघतं, आणि तोवर बेअरिंग खराब झालेलं असतं. पुढचा-मागचा डिफ, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी), प्रत्येकाचा ब्रीदर शोधा, त्याला योग्य मापाची नळी जोडा आणि ती बॉनेटमध्ये शक्य तितक्या उंच आणून टोकाला छोटा फिल्टर लावा. ॲक्सल वर-खाली हलतो, तेव्हा नळीला पुरेशी ढील ठेवा.

पहिलं पाणी

स्नॉर्कलमुळे गाडीची पाण्यात उतरायची मर्यादा आपोआप वाढत नाही. थारसाठी कंपनीने ६५० मिलिमीटर सांगितलेत, गुरखासाठी ७००. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर हे सगळं तिथंच असतं. त्या आकड्याच्या आत राहूनही लाट उसळून पाणी वर येतं, त्या लाटेपासून स्नॉर्कल वाचवतो. मी त्याचा उपयोग एवढाच मानतो.

आधी काठी घेऊन पायी ओढा ओलांडा. ज्या पाण्यात आपले पाय टिकत नाहीत, त्यात गाडी घालायची नाही. वाहतं पाणी गाडी उचलतं, तिथे स्नॉर्कल काय करणार? लो रेंजमध्ये (फोर-बाय-फोर गाडीची कमी वेगाची, जास्त ताकदीची गिअर रेंज) पहिला किंवा दुसरा गिअर, चालण्याच्या गतीने, मध्ये गिअर न बदलता. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, काहीही झालं तरी. गाडी ओढून बाहेर काढा, फिल्टर बघा. ओला असेल तर इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढल्याशिवाय चालू करू नका.

येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथे रस्ता सोडून गाडी घालायची नाही. खाडीकाठच्या चिखलात आणि खारफुटीतही नाही. खारं पाणी वायरिंगला आतून खातं आणि खारफुटी चाकाखाली मरते. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधबे आणि नदीकाठांवर मनाई आदेश काढतं, निघायच्या आदल्या दिवशी ते तपासा.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी फिल्टरचा डबा उघडून तळाला बोट फिरवायचं. कोरडं लागलं तर झाकण लावून टाका. ओलं लागलं तर कितीही दमलेले असा, साबणाची बाटली बाहेर काढा.